देवापर्यंत न पोचलेली त्रेचाळीस गाऱ्हाणी

तीर्थरूप सहदेवमामांच्या पायाशी, विक्रोळीहून भाचा नितेश याचा दोन्ही हात जोडून (आणि मग त्याच हातांनी कान धरून) नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? मामीची शुगर? इकडे सगळे मजेत, मी सोडून. जत्रा झाल्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पोस्टाने शरण येतोय.

आपल्या गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या वेबसाइटची टूम माझीच. जत्रेला रजा मिळत नाही त्यांनी मुंबईत बसून गाऱ्हाणं लिहायचं, यादी गावी जाणार, आणि मानकरी म्हणून तुम्ही ती देवापुढे घालणार. कांजूरमार्गच्या बैठकीत हे सांगताना माझी कॉलर इतकी ताठ होती की मान वळत नव्हती. आठ वर्षं संगणकाच्या धंद्यात आहे, हे दोन तासांचं काम, असंही बोलून गेलो. त्रेचाळीस जणांनी लिहिलं. मी यादी न वाचताच पाठवली (देवाचं टपाल आपण कशाला फोडा).

पुढचं तुमच्या मनालीने मला कळवलं. तुम्ही नारळ घेऊन उभे राहिलात आणि वाचलंत, बा देवा म्हाराजा, बारा वाडीच्या धन्या, आज तुझ्या पायाशी, आणि पुढे काळ्या चौकटीत नुसतं प्रश्नचिन्ह. दुसरं तसंच, तिसरं तसंच. सतराव्याला तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "हे देवाक हाक मारतत आणि गप ऱ्हवतत. काम काय ता कोणच सांगणत नाय." तरी तुम्ही नेटाने शेवटपर्यंत गेलात, हे तुमचे उपकार.

चूक अशी की मी प्रत्येकाला दीडशे जागा दिल्या होत्या. इंग्रजीचं अक्षर संगणकात एका जागेत बसतं. आपलं मराठी अक्षर तीन जागा अडवतं, त्याच्या काना-मात्रेला आणखी तीन-तीन. अक्षरं मोज म्हणायचं सोडून मी प्रोग्रॅमला जागा मोजायला सांगितलं. दीडशे भरल्या की त्याने कात्री चालवली, कधी अक्षराच्या पोटातूनच, आणि त्या अर्ध्या तुकड्याचं प्रश्नचिन्ह झालं. आपली माणसं रिवाजाने आधी देवाची थोरवी गाणार, मागणं शेवटी. तेव्हा थोरवी पोचली आणि मागणी सगळी विक्रोळीतच कापली गेली. हे मराठी माणसाच्या हातून व्हावं याची मला लाज वाटते.

घाटकोपरच्या विमलाकाकूंनी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लिहिलं होतं. पुढच्या महिन्यात आहे. कबुली द्यायला गेलो तर रागावल्या नाहीत, चहा दिला आणि म्हणाल्या, "देव बिचारा वाट बघत असेल रे, पुढे काय म्हणून." मला तिथेच रडू यायचं बाकी होतं. त्यानंतर घरोघरी फिरून सगळी गाऱ्हाणी वहीत उतरवून घेतली. वही सोबत आहे. येत्या सोमवारी पुन्हा घाला, एवढं कराच. नारळ माझ्याकडून.

तुमचा नालायक, पण शिकलेला भाचा,
नितेश

ता. क. चव्वेचाळिसावं गाऱ्हाणं माझं होतं. फॉर्म चालतो का बघायला मी ते इंग्रजी अक्षरांत टाइप केलं होतं, म्हणून ते तेवढं पुरं पोचलं. तुम्हाला इंग्रजी लागत नाही, तेव्हा मनालीने ते देवळाला ऐकू जाईल असं वाचलं म्हणे: वरच्या वाडीच्या चंद्रप्रकाशकाकांनी हेमांगीच्या आणि माझ्या लग्नाला हो म्हणावं. यादीतून पुसायचं विसरलो. क्षमा असावी.

ता. क. दुसरा. विसरलो हे खोटं. हेमांगी तयार आहे, दोन वर्षं घोडं तिच्या बाबांपाशीच अडलंय, आणि मला त्यांच्यासमोर बोलायची हिंमत नाही. मनालीला विचारलं तर ती नुसती हसते. गाऱ्हाणं संपलं की सगळं देऊळ ‘व्हय म्हाराजा’ म्हणतं, आणि चंद्रप्रकाशकाका तुमच्या शेजारीच उभे होते. मामा, वहीचं सवडीने बघा. आधी एवढंच कळवा, माझ्या वेळेला ते म्हणाले का?