तुतीखालची ओल

२ जानेवारी
नवा संकल्प: बांधाची फेरी रोज सकाळी, चहाआधी. मातीचं धरण छोटं असलं तरी लहान मुलासारखं, सारखं लक्ष हवं. आणि इथला चौकीदार मीच. आज गारठा होता म्हणून आधी चहा घेतला. मग पेपर आला.

९ जानेवारी
नवा इंजिनिअर येऊन गेला. अगदी पोरसवदा. म्हणाला, बांधावरची तुती तोडा, मुळं मातीत वाटा काढतात आणि त्या वाटांनी पाणी निघतं. मी हो हो म्हटलं. तुती हिने लावलेली, हे त्याला कशाला सांगायचं? ही गेली त्याला आता दोन वर्षं होतील. झाड सावलीसाठी ठेवलंय. बाकी काही नाही.

२० जानेवारी
तुतीखाली, बांधाच्या पायथ्याशी ओल. दव असणार.

४ फेब्रुवारी
दव भर दुपारीही आहे. इंजिनिअरला फोन केला. म्हणाला, झिरपणारं पाणी गढूळ झालं तर समजा आतली माती वाहून चाललीय. बघून आलो. नितळ आहे. चिंता मिटली. तरी रविवारी करवत आणतोच. नक्की.

रविवार
पाहुणे आले असते तर पंचाईत झाली असती, म्हणून घरीच थांबलो. कोणी आलं नाही.

२६ फेब्रुवारी
पाणी जरासं गढूळ. जरासंच. चिकणमाती ठासून भोक बुजवलं. एकदम बंद! अनुभवापुढे डिग्री काय करणार? लेकीला कळवलं नाही. तिची आणि जावयांची रोपवाटिका खाली कालव्यावर, याच पाण्यावर. उगाच घाबरेल.

१ मार्च
शेजारी दुसरं भोक. मोठं.

३ मार्च
फोनवर दुसऱ्या भोकाचं ऐकून इंजिनिअर आरडाओरडा करतच आला. म्हणे, बाहेरून बोळा कोंबला की पाणी आतून नवी वाट पाडतं. बांध फुटायच्या आत धरण रिकामं करायचं, आत्ताच. मी म्हटलं, तुती उद्याच तोडतो. म्हणाला, आता त्याने काय होणार, काका. गेटचं चाक मीच फिरवलं. मध्येच दोनदा थांबलो. चाकाला गंज फार.

५ मार्च
लेक आली. पाऊस पडेपर्यंत कालवा कोरडा, रोपं जगणार नाहीत. मी सांगून टाकलं, झाड तुझ्या आईचं होतं, हात उचलेना. ती मग म्हणाली, बाबा, ती माझीही आई होती, मला विचारायचं तरी, मी तोडलं असतं. आणि रडायला लागली. मलाही आवरेना.

१९ मार्च
दुरुस्तीसाठी बांध खणला. तुती गेली. संध्याकाळी लेकीचा फोन. रोपवाटिका बंद केली, दोघं दुसऱ्या गावी काम बघताहेत. मी म्हटलं, धरण पुन्हा भरेल, तेव्हा परत या. त्यावर तिने जेवलात का, एवढंच विचारलं. हो म्हटलं. जेवलो नव्हतो.