हाउसिंगसह कॅमेरा पुतणीला. दोन्ही वेगळे करू नयेत

मी, खाली सही करणारी, वय सत्तर पूर्ण, धंदा फोटोग्राफी, पूर्वी पासपोर्टचे आणि आता माशांचे फोटो काढणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायचा प्रयत्न पुष्कळांनी केला, पण त्यातले कोणी यशस्वी झाल्याचे ऐकिवात नाही. डॉक्टरांनी आज सकाळीच मला तपासून तसा दाखला दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या दवाखान्यातले घड्याळ बंद पडल्याचेही सांगितले. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

आताच का करते, ते लिहिते. मला मूलबाळ नाही आणि माझे यजमान हयात नाहीत. कागद न करता मी गेले, तर तळमजल्यावरचा स्टुडिओ, वरच्या दोन खोल्या आणि आतले सारे सामान माझ्या दिरांकडे जाईल. भाऊजींचे कॅमेऱ्यांचे दुकान स्टुडिओला लागूनच आहे. माणूस वाईट नाही. पण दुकान आणि स्टुडिओ यांच्यामधली भिंत पाडायचे त्यांनी मनात कधीच पक्के केले आहे. येता-जाता तिच्यावर टिचक्या मारून बघतात. भिंत पडली की स्टुडिओ गेला, आणि स्टुडिओ गेला की माझी पुतणी, म्हणजे त्यांचीच मुलगी, त्या वाढवलेल्या दुकानाच्या गल्ल्यावर बसणार. ही मुलगी समुद्राखाली उतरून फोटो काढते. जहाजांचे तळ आणि धक्क्याचे खांब यांचे फोटो काढून ती पोट भरते, आणि उरलेल्या वेळात मासे. तिला गल्ल्यावर बसवणे मला साफ नामंजूर आहे. हा सगळा खटाटोप त्यासाठी.

कलम पहिले. माझा डिजिटल एसएलआर कॅमेरा आणि त्याचे ॲल्युमिनियमचे हाउसिंग, म्हणजे पाण्याखाली नेताना कॅमेरा जिच्यात बंद करतात ती पेटी, ही दोन्ही मिळून एकच वस्तू समजावी आणि ती माझ्या पुतणीला द्यावी. एकच का समजावी, हे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आमच्या घराला हा धडा फार जड गेला आहे.

यजमान गेल्यावर, साठी उलटल्यावर, मी पोहायला शिकले. पुढे पुतणीनेच मला पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली नेले. खाली पहिल्यांदा नीट बघितले आणि मला आनंद व्हायच्या आधी चीड आली. सारे आयुष्य मी माणसांना "हलू नका, पापणी मिटू नका" सांगत बसले, आणि इथे एवढी मंडळी भडक कपडे घालून फिरत होती, कोणाला कसली सूचना नको होती, आणि माझा कॅमेरा घरी कपाटात. वर आल्याआल्या मी पुतणीला म्हटले, "मला हाउसिंग हवं." ती म्हणाली, "काकू, आधी अंग तरी पूस."

भाऊजींनी आपल्या दुकानातली प्लास्टिकची जाड पिशवी आणून दिली. "वहिनी, हीच घ्या. लोक नदीत नेतात." मी तिच्यात कोरडा रुमाल घालून ती बादलीत दाबून धरली. रुमाल ओला निघाला. भाऊजी म्हणाले, "घाम आला असेल त्याला." पिशवी मी साभार परत केली.

मग आम्ही दोघी मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. निवड दोन पेट्यांत होती, एक पारदर्शक प्लास्टिकची, एक ॲल्युमिनियमची. विक्रेता पोरगेलासा होता आणि सारखा खोलीचेच सांगत होता: ही इतकी खोल जाते, ती त्याहून खोल जाते. मी म्हटले, "बाळा, मला पाताळात जायचं नाहीये. पेटी बंद असताना माझी बोटं कुठकुठे पोचतात, तेवढं सांग." त्याला ते सांगता येईना, म्हणून मी डोळे मिटून दोन्ही पेट्या आळीपाळीने हातात घेतल्या. डार्करूममध्ये उमेदीची वर्षे घालवलेली बाई मी. अंधारात बोटांना जे सापडत नाही ते माझ्या उपयोगाचे नाही. प्लास्टिकच्या पेटीत शटर सापडले, पण उजेड कमी-जास्त करायच्या चाकासाठी मूठ सोडावी लागत होती, आणि एका बटणाला तर बाहेरून वाटच ठेवलेली नव्हती. ॲल्युमिनियमच्या पेटीत मूठ न सोडता सारे हाताखाली आले. दुकानातले लोक बघत होते. बघोत.

पुतणीचे मत प्लास्टिकच्या बाजूने होते. ती म्हणाली, "काकू, ही हलकी आहे. शिवाय आत थेंब आला तर लगेच दिसतो."

"दिसून काय करू? त्याला नमस्कार करू?" मी म्हटले.

ॲल्युमिनियमच्या पेटीतली हवा छोट्या हातपंपाने थोडी ओढून घेतात. पेटी घट्ट असेल तर हिरवा दिवा लागतो, कुठे फट राहिली तर लाल, आणि हे सगळे काठावर, पाण्यात पाय घालायच्या आधी. थेंब आल्यावर कळण्यापेक्षा यायच्या आधी कळलेले मला बरे वाटले. वजनाचे म्हणाल तर ते काठावर. पाण्यात ती पेटी मांजरीच्या पिल्लाएवढी हलकी होते. पुढे लावायला सपाट काच की घुमटाची, यावर मात्र आमचे एकमत झाले. सपाट काच पाण्यात सगळे मोठे आणि जवळ दाखवते. तसे बघणारे नातेवाईक मला वर भरपूर होते. घुमट घेतला.

हाउसिंग माझ्या कॅमेऱ्याच्या मापाचे बनवून यायला वेळ होता. भाऊजींना वाटले, वहिनी एवढा सोहळा करते आहे, आपणही काही करावे. हाउसिंग घरी आले त्याच संध्याकाळी ते म्हणाले, "वहिनी, डोळे मिटा." उघडले तर टेबलावर नवाकोरा कॅमेरा. "जुना बदल्यात देऊन टाकला. हा त्याच्या पुढचा. सगळं तेच, फक्त जास्त चांगलं."

पुतणीचा चेहरा मी बघितला आणि मला कळले. तरी आम्ही तो कॅमेरा पेटीत बसवला. बसला. झाकण लागले. भाऊजी विजयी मुद्रेने आमच्याकडे बघू लागले. मी शटरचा दांडा दाबला आणि काहीच झाले नाही. दांडा बटणाच्या शेजारी, कॅमेऱ्याच्या कोऱ्या अंगावर टेकत होता. नखाएवढा फरक.

"एवढंच ना?" भाऊजी म्हणाले. "कानस आहे माझ्याकडे." आणि खरेच घेऊन आले. पुतणी हाउसिंग मांडीवर घेऊन त्यावर ओणवी झाली.

"बाबा, हे त्याच कॅमेऱ्यासाठी बनलंय. दुसरा चालत नाही."

"एकाच कंपनीचे आहेत गं दोन्ही."

"तुम्ही आणि काकासुद्धा एकाच आईचे. काकाचा चष्मा तुम्हाला लागला असता का?"

भाऊजी त्या रात्री जेवले नाहीत. हेही नमूद करते की दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद ठेवून माझा कॅमेरा त्यांनीच शोधला. तो एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याने नेला होता. तो गडी सहजासहजी सोडणारा नव्हता. त्याने बदल्यात नवा कॅमेरा तर घेतलाच, वर माझ्या स्टुडिओतला जिन्याचे चित्र असलेला पडदाही मागितला. दिला. आजही त्याच्या फोटोंत नवरा-नवरी माझ्या जिन्यासमोर उभे असतात आणि कुठेच चढत नाहीत.

म्हणून या कलमाची अट अशी: कॅमेरा जुना झाला, नवा स्वस्त मिळतो, कोणाला प्रेमाचा उमाळा आला, यांपैकी कोणत्याही सबबीखाली यातली एक वस्तू दुसरीपासून वेगळी करू नये. हाउसिंगच्या आसपास कानस आणू नये.

कलम दुसरे, हे त्याच पेटीबद्दल, आणि पुतणीला तोंडपाठ असले तरी लिहिते. पाण्यात न्यायच्या आधी झाकणाचे रबरी कडे काढून, पुसून, उजेडात धरून बघावे. एक केस किंवा वाळूचा एक कण पुरतो. ग्रीस नुसते चमकण्यापुरते लावावे. हे काम चालू असताना कोणाशी बोलू नये, मग ते वडील का असेनात. नव्या ठिकाणी आधी रिकामे हाउसिंग आत कोरडा कागद ठेवून बुडवावे. आमच्या पहिल्या बुडवणीनंतर मी तो कागद बाहेर काढून गालाला लावला. कोरडा होता. मी त्या काठावर, ओल्या कपड्यांत, लहान मुलीसारखी नाचले. बघायला भाऊजी होते. ते थोडा वेळ समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

कलम तिसरे. माझा लाल फिल्टर, म्हणजे पाण्याखालचा निळेपणा कापणारी काच, कॅमेरा क्लबच्या सचिवांना द्यावा. माझा पहिला चांगला फोटो त्यांनी "फार निळा" म्हणून परत केला होता. तो एका ऑक्टोपसचा फोटो. तो आपल्या बिळातून निघून घुमटावर आला, काचेत स्वतःला बघितले आणि एक हात डोक्यावर ठेवला, फोटोला बसायच्या आधी माणसे केस सारखे करतात तसा. मी सवयीने तोंडातल्या नळीतून "थोडं डावीकडे" म्हणाले. बुडबुडे आले. तो डावीकडे सरकला. यावर कोणी विश्वास ठेवत नाही, पण मरणाच्या कागदावर मी खोटे कशाला लिहू? तोच फोटो आता बंदरातल्या प्रवाशांच्या दालनात दाराएवढा लावला आहे. तो बघत बसल्यामुळे लोकांची बोट चुकते, अशी लेखी तक्रार आली होती. त्या तक्रारीची प्रत मिळवून मी ती चौकटीत बसवली, आणि ती चौकटही सचिवांनाच द्यावी. आपणच मला शिकवले असे ते हल्ली सांगतात. सांगोत बापडे, मी जिंकले आहे आणि मला ते परवडते.

कलम चौथे. बँकेतली शिल्लक, माझी शेवटची बिले भागवून उरेल ती, पोहण्याच्या तलावाकडे जावी आणि तिच्यातून साठीपुढच्या बायकांना पोहणे शिकवावे. "आता या वयात?" असे विचारणाऱ्याला तलावावर प्रवेश देऊ नये.

कलम पाचवे आणि मुख्य. स्टुडिओ व वरच्या दोन्ही खोल्या पुतणीच्या. ती समुद्रात उतरते आहे तोवर मधली भिंत कोणी पाडू नये. तिने स्वतःहून पाडली तर तो तिचा प्रश्न. लग्न केले, नाही केले, या गोष्टीचा वरील हक्काशी संबंध नाही.

येथवर मी लिहून काढले तेव्हा डॉक्टर आणि वकील ग्राहकांच्या बाकावर बसले होते आणि दुसऱ्या साक्षीदाराची, म्हणजे त्याच लग्नाच्या फोटोवाल्याची, वाट बघत होते. तो नेहमीप्रमाणे लग्नात अडकला. तेवढ्यात भाऊजी आत आले. पुढे जे घडले ते वकिलांच्या मते मृत्युपत्रात लिहायची गरज नाही. मला आहे.

"वाचू का?" भाऊजींनी विचारले. मी कागद पुढे केले. त्यांनी चष्मा लावून उभ्याउभ्याच सगळे वाचले.

"कानशीचं लिहायलाच हवं होतं?"

"हवं होतं."

ते भिंतीकडे बघत राहिले. मी या क्षणाला फार भीत होते. मी गेल्यावर त्यांनी कोर्टात पाऊल टाकले, तर पोरीची उमेदीची वर्षे तारखांत जाणार, तीही आपल्याच बापाविरुद्ध. हे मला रोज खात होते आणि यावर कोणतेही कलम मला सुचत नव्हते.

भाऊजींनी वकिलांना विचारले, "साक्षीदाराला यातलं काही मिळतं का?"

"नाही. मिळणाऱ्याने सही करू नये, असंच धरून चालतो आपण."

"आणि सही करणाऱ्याला मागाहून भांडता येतं का? कागद खोटा आहे, बाईंना समजत नव्हतं, असलं काही?"

"स्वतःच सही केल्यावर? कोण ऐकणार त्याचं?"

"मग त्या फोटोवाल्याला कशाला थांबता? मी करतो." खिशातून पेन काढत ते माझ्याकडे वळले. "आज माझं मन चांगलं आहे, वहिनी. तुम्ही गेल्यावर कसं असेल, मला माहीत नाही. ती भिंत रोज डोळ्यांसमोर असते. आज आहे तोवर बांधून घ्या मला."

मला रडू आले. हेही या कागदात राहू द्यावे.

वरील सर्व मजकूर माझ्या हाताने लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष त्यावर सही केली. साक्षीदारांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

लिहून ठेवणार: (सही) स्टुडिओची मालकीण
साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टर
साक्षीदार दुसरा: (सही) लिहून ठेवणारीचा सख्खा दीर व पुतणीचा बाप, स्वतः मागून घेतलेली सही
स्थळ: स्टुडिओ, तळमजला
दिनांक: आजचा, डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच