दर्यावरच्या माणसाला विचारायचं नसतं

नवीन पनवेल

प्रिय किशोरी,

मिथुनने मला मोबाईलवर मराठी लिहायला शिकवायचा प्रयत्न केला, पण माझी बोटं जाडी आणि अक्षरं बारीक, तेव्हा आम्ही दोघांनीही नाद सोडला. म्हणून कागदावर लिहितोय. तुझा भाऊ फोटो काढून मॉरिशसला धाडेल. शुद्धलेखन तपासू नकोस, तिकडे तुझ्यामागे तपासायची कामं पुष्कळ आहेत.

तुझ्या सरांनी आणखी दोन वर्षं तिथेच राहून प्रवाळांवर संशोधन कर म्हटलंय आणि महिनाअखेर उत्तर द्यायचंय, हे मिथुनकडून कळलं. त्यात तू त्याला म्हणालीस की घरी तसंही कोणाला माझी घाई नाही, आई एकदाही कधी येतेस म्हणून विचारत नाही, मग हो म्हणून टाकते. पोरगं चहा पिता पिता सांगून मोकळं झालं. माझा चहा मात्र तसाच राहिला.

आधी इकडची खबर. माझी ड्युटी न्हावा शेव्याच्या यार्डातच आहे. कंटेनर वाढलेत, ट्रेलरची रांग त्याहून वाढली आहे. तुझी आई सकाळी मार्केटला मासळीची पाटी लावते आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून खूश होऊन परत येते. तुझ्या घरमालकीणबाई गणपतीत मराठी आरती म्हणतात, हे तिने अख्ख्या मार्केटला सांगितलंय. तुझ्या तिकडच्या समुद्रात उभं राहिलं की आपली पावलं दिसतात, ते मात्र तिला पटत नाही. असल्या नितळ पाण्यात मासळी कशाला थांबेल, असं तिचं म्हणणं. नवऱ्याला समुद्रातून बाहेर काढलं तर मुलगी फी भरून आत उतरली, हेही ती अधूनमधून ऐकवते.

आता मुद्द्याचं. तू शाळेत जायच्या आधीच मी बोट सोडली आणि आपण करंजाहून इथे फ्लॅटमध्ये आलो. त्यामुळे दर्यावर निघालेल्या माणसाला घरचे निरोप कसा देतात, हे तू पाहिलेलंच नाहीस. आपल्या घरात त्याला कधी येणार म्हणून विचारत नाहीत. दर्याला ऐकू जातं, मग तो माणसाला सोडत नाही, असं माझी आई म्हणायची.

लग्नानंतर मी पहिल्यांदा बोटीवर निघालो, तेव्हा तुझ्या आईने धक्क्यावर सगळ्यांसमोर विचारलं. नवी नवरी, तिच्या माहेरी मासळी विकायचे पण बोट नव्हती, तिला काय ठाऊक. माझ्या आईने मला बोटीतून खाली उतरवलं, घरी नेलं, ओट्यावर बसवून पाणी पाजलं आणि पुढच्या भरतीला नव्याने निघायला लावलं. खलाशी माझ्यावर असे भडकले की त्या खेपेला जेवणातलं मीठसुद्धा मला मागून घ्यावं लागलं. तुझी आई घरात बसून रडली. मी परतेपर्यंत तिच्या घशाखाली धड घास उतरला नाही म्हणतात. त्यानंतर तिने मला कधीच विचारलं नाही. मी परत यायचो तेव्हा कालवण मात्र तयार असायचं.

तू बेटावर गेलीस. आम्ही नकाशा दाखवला, तेव्हा तिने चारी बाजूंचं निळं पाणी पाहिलं आणि तुला दर्यावर गेलेल्यांत धरलं. मी समजावलं की तिथे रस्ते आहेत, बस आहेत, ऊस आहे, मोठं विद्यापीठ आहे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पानी सगलीकरं हाय ना? मंग इचारायचा नाय." विमानतळावर बाकीच्या आया मुलींच्या गळ्यात पडून हेच विचारत होत्या आणि ही पाण्याची बाटली भरायला गेली, आठवतं? बाटली आधीच भरलेली होती.

म्हणून ती फोनवर जेवलीस का, केस वाळवलेस का, दाराला कडी नीट लागते का, सगळं विचारते. माळ्यावर तुझ्या नावाची सुक्या जवळ्याची बरणी आहे. जवळा जुना झाला की आम्हाला खायला घालते आणि बरणी पुन्हा भरते. मिथुनने परस्पर हात घातला तर त्याची खैर नसते.

अभ्यासासाठी राहायचं असेल तर खुशाल राहा. मी अडवणार नाही, उलट यार्डात मिरवेन. पण घरी कोणी विचारत नाही म्हणून राहू नकोस, मला ते सहन होणार नाही.

एवढं लिहून झालं तेव्हा तुझी आई मार्केटमधून आली. काय लिहिता म्हणाली, मी सगळं वाचून दाखवलं. पाटी तशीच टेकवून ती खाली बसली. मग म्हणाली, "लिवून इचारला त चालल का?" मी म्हटलं, ठाऊक नाही, आपल्या जुन्या माणसांना लिहिताच येत नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल कोणी काही सांगून ठेवलेलं नाही. "मंग लिवा," म्हणाली, आणि पदराने तोंड झाकून घेतलं, चुकून मोठ्याने निघू नये म्हणून. तेव्हा पुढचं तिचं आहे, मी फक्त हात चालवतोय.

किशोरी, कवा येशील गो?

तुझाच,
बाबा