धावपट्टीवरची डुकरं

लिपियुसदादा,

काल तू बसलेलं विमान गावावर दोन घिरट्या घालून परत गेलं, कारण धावपट्टीवर डुकरं चरत होती. त्यांच्या खोपटाचं दार मीच उघडलं होतं. तू येमिनाला शाळेसाठी शहरात नेणार होतास, आणि तिची आई गेल्यापासून ती माझ्याच कुशीत झोपते रे.

तुझ्यासाठी भाजलेली रताळी झोळीत घेऊन पोर हात हलवत राहिली.

"आत्या, बाबांना मी दिसले नाही का गं?"

"ढग होते ना."

"ढग कुठले? मेली डुकरं होती!"

आज विमान पुन्हा येईल म्हणून सकाळपासून ती काठी घेऊन धावपट्टीवर बसली आहे.

"आत्या, पलीकडच्या टोकाला तू थांब, नाहीतर पुन्हा शिरतील."

मी काठी घेऊन उभी राहिले.

हे पत्र तुझ्या हाती द्यायचा धीर नसलेली,
तुझी बहीण देरिना