सुकाणूजवळची पाटी

ता. १४ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता बरा आहे हे वाचून जिवाला बरं वाटलं. इथे सगळं ठीक. आमच्या जुन्या जहाजांच्या उद्यानात रविवारच्या देणगीदार मेळाव्याची धांदल आहे. शिडाच्या जहाजाला नवा रंग लागला, डोलकाठीवर दिवे चढले. तुझ्या देणगीची, भावजींच्या नावाची पितळी पाटी सुकाणूजवळ मी स्वतः ठोकली. शोभून दिसते.

नातवंडांना घेऊन येणार म्हणतेस. एवढ्या गर्दीत त्यांना कशाला? ऊनही फार असतं.

हे वाचून तू म्हणशील, याचं काहीतरी बिनसलंय. बिनसलंयच. फोन केला नाही, कारण तुझा आवाज ऐकला की मी सारवासारव करत बसतो.

मागच्या आठवड्यात जहाजाच्या तळात उतरलो. पाणी उपसायचा पंप दिवसातून एकदा लावायचो, तो आता तासातासाला लावावा लागतो. एका फळीला पटाशी टेकवली. जोरही दिला नव्हता. मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तर मागोमाग पाणी आलं.

उद्यानाच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मिस्त्री, तळ बघायला कोण जातंय? लोक वरचं बघून देणगी देतात. रविवार निघू द्या, मग तुमच्या फळ्या." आणि तपासणीचा कागद पुढे सरकवला. दोनशे माणसं चढली तरी धोका नाही, असं त्यात होतं. मी सही केली, ताई. निवृत्तीला अकरा महिने उरलेत.

भावजींच्या पैशातली तुझी देणगी तळाच्या फळ्यांसाठी म्हणून मीच मागितली होती. ती रंगात आणि दिव्यांत गेली. मला माहीत होतं, तरी तुला कळवलं नाही.

इथवर सकाळी लिहिलं होतं. आता चार वाजलेत.

दुपारी बँडवाले सरावाला डेकवर चढले. मी खाली पंपापाशी होतो. वर त्यांचे पाय एका तालात पडायला लागले आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन फळ्यांमधली फट बोटभर उघडली. मी धावत वर गेलो, एकेकाच्या दंडाला धरून सगळ्यांना खाली उतरवलं. मग धक्क्यावरून चढायची शिडी सोडवली आणि ओढत माझ्या सुतारकामाच्या कारखान्यात नेली.

साहेब मागोमाग आले. हळूच म्हणाले, "सही तुमची आहे, मिस्त्री. तुरुंगात तुम्ही जाल."

"जाईन," म्हणालो. त्यांच्यासमोरच बंदराच्या तपासनीसाला फोन लावला. सहीचंही सांगितलं. तो उद्या सकाळी येतोय.

उद्या काय होईल ठाऊक नाही.

रविवारी ये, पण एकटी ये. भावजींच्या पैशाचं काय केलंस, असं चारचौघांत मला विचार. ते मला तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

तुला फसवलेला,
तुझा धाकटा