ईश्वरीच्या शाळेचा पहिला दिवस

निर्मला,

मी पहिल्या जीपने कान्ह्याला, तुझ्या सवितावन्संकडे, निघाले आहे. तोंडावर सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस, म्हणून लिहिते. अक्षरं तूच शिकवलीस, तेव्हा वाकडीतिकडी तुलाच वाचावी लागतील.

ईश्वरीला गावातली अंगणवाडी सोडून कामशेतच्या बालवाडीत घालायचं ठरवलंस, म्हणून मी आठवडाभर तुझ्याशी धड बोलले नाही. परवा बाजाराला जाते म्हणाले, ती खरं तर त्या शाळेत खोट काढायला गेले होते. बाईंना विचारलं, "पोरगी लय रडाया लागली तर काय करता वो?" त्या म्हणाल्या, "रडू देतो आजी. मांडीवर घेऊन." शाळा तू बरोबर निवडलीस.

आज मी दारात असले तर ईश्वरी माझा पदर सोडणार नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तिचा हात सोडवणार नाही. म्हणून जाते.

डब्यात गूळ-तुपाची पोळी ठेवली आहे. बाईंना एवढं सांग, शू लागली की ही पोर बोलत नाही, खेळता खेळता गप उभी राहते. तिला सोडायला आबांना पाठवू नकोस, ते अर्ध्या वाटेतून माघारी आणतील.

संध्याकाळी फोन कर. रडली का, ते आधी सांग. नसेल रडली तरी सांग. सोसेन मी.

आई