एवढीशी वाघाटी

मुलुंड

आई,

तुझ्या पाया पडतो. आम्ही मजेत आहोत, डोंगराखालचं गॅरेज झकास चाललंय. तुझा खोकला कमी आहे ना?

काल उंदरांच्या पिंजऱ्यात ठिपक्यांचं मांजराचं पिल्लू अडकलं. घाटकोपरच्या गिऱ्हाइकाला आवडलं, देऊन टाकलं. माझे कान किती तिखट, तुला ठाऊकच आहे. आज टायरांमागून बारीक आवाज आला, बघतो तर डोळे न उघडलेली दोन पिल्लं! फोटो बघून आणि कालचं ऐकून वनखात्यातला माणूस फोनवर म्हणाला, "शेठ, ही रानातली वाघाटी, छोटं रानमांजर. पूर्ण वाढली तरी एवढीशीच असते. तुम्ही यांची आईच देऊन टाकलीत."

तू इथे असतीस तर ओळखली असतीस गं.

गिऱ्हाइकाला फोन केला, तर त्याच्याकडून ती पळालेली. तुझी सून कापसाने दूध पाजतेय, पण पोटात टिकत नाही. वनखात्याची माणसं निघालीत. सकाळी दोन आवाज होते, आता एकच ऐकू येतोय.

औषध चुकवू नकोस.

तुझा,
सीताराम